ताई बोलत नाहीत, दादा ऐकत नाही: फोंड्याजवळच्या एका काजू कारखान्याचं प्रकरण

पार्श्वभूमी

गोव्यातल्या फोंडा तालुक्यातला हा काजू प्रक्रियेचा कारखाना एका कुटुंबाच्या मालकीचा आहे. दुसरी पिढी तो चालवते आणि तिसरी नुकतीच आत आली आहे. कोणाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत, पण गोष्टी घडल्या त्या याच क्रमानं.

माणसं मुख्यतः तीन. मालकांना गावासकट सगळे काका म्हणतात. त्यांचा पुतण्या विक्री बघतो, त्याला कारखान्यात दादा म्हणतात. तो पुण्यात शिकला, तिथं काही वर्षं नोकरी केली आणि मग घरच्या धंद्यात आला. पणजी-कळंगुटची दुकानं, हॉटेलं आणि दिवाळीच्या भेटवस्तूंच्या ऑर्डरी तो आणतो. उत्पादन ताईंकडे. त्या सोलायला म्हणून लागल्या आणि आज बी भाजण्यापासून डबा बंद होईपर्यंतची सगळी साखळी त्यांच्या हाताखाली चालते. दादा शाळेत असताना त्यांच्याकडून काजूगर मागून न्यायचा. आता त्या त्याला ‘तुम्ही’ म्हणतात.

घरात मराठी, कारखान्यात कोंकणी आणि गिऱ्हाइकाच्या मेलमध्ये इंग्रजी अशी तिथली रीत. पुढे ती एका वळणावर महागात पडली.

धंद्याचं थोडं सांगायला हवं, कारण भांडणाचं मूळ त्यातच आहे. साधारण चार किलो बीतून एक किलो गर मिळतो. त्या गराची मग आकारानुसार प्रतवारी होते. २४० नंबर म्हणजे एका पौंडात २२० ते २४० गर, ३२० नंबर म्हणजे ३०० ते ३२०. नंबर लहान तेवढा गर मोठा आणि भाव जास्त. शिवाय पाकळी, म्हणजे दोन फाका सुटलेला गर, आणि तुकडा वेगळा. ठरवून एकच नंबर काढता येत नाही. बी जे देईल ते घ्यायचं. पावसाळ्यात हवेतलं पाणी गर चटकन ओढून घेतो, आणि ओलावा पाच टक्क्यांच्या आत ठेवला नाही तर माल टिकत नाही. म्हणून बोर्म्यात, म्हणजे गर वाळवायच्या भट्टीत, वाळवण्याच्या वेळेत काटछाट करता येत नाही. ताईंच्या हे अंगवळणी पडलेलं. दादाला ते माहीत होतं, पण ऐकीव.

काय बिनसलं

ऑगस्टमधल्या एका बैठकीत दादानं मोबाइलवरची ऑर्डर वाचून दाखवली. पणजीतल्या एका कंपनीला दिवाळीसाठी अर्ध्या किलोचे बाराशे डबे हवे होते. सगळा २४० नंबर, गोव्याचंच बी, आणि माल घटस्थापनेच्या आत. गोवा काजूला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून ‘बी इथलंच ना?’ हा प्रश्न गिऱ्हाईक आवर्जून विचारतं. त्यामुळे आफ्रिकेतून येणारं बी या ऑर्डरीत चालणार नव्हतं.

काकांनी विचारलं, “होईल ना ताई?”

ताई म्हणाल्या, “बघते.”

काका म्हणाले, “बरं.”

दादानं जिन्यावरूनच होकार कळवून टाकला. त्याच्या दृष्टीनं कोणी नाही म्हटलं नव्हतं, म्हणजे हो होतं. ताईंच्या दृष्टीनं अजून कोणी हो म्हटलंच नव्हतं. त्या गोदामात गेल्या, पोती मोजली, कुठल्या लॉटमधून २४० किती निघाला याची जुनी वही काढून आकडा मांडला. सहाशे किलो २४० निघायला जेवढं स्थानिक बी लागलं असतं, तेवढं शिल्लकच नव्हतं. वर चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, सत्तरी-डिचोलीकडच्या निम्म्या बायका गावी जाणार होत्या. तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी काकांना हे सांगितलं. काका म्हणाले, “बघू, काहीतरी करू.” ते काहीतरी झालं नाही आणि दादाच्या कानावरही गेलं नाही.

शेवटी डबे कमी पडले. उरलेल्यांत न विचारता ३२० नंबर भरला गेला. गिऱ्हाइकानं डबे उघडून बघितले, ते परत आले आणि बिलातून रक्कम कापली गेली. दादाचं म्हणणं, ताई वेळेवर तोंडच उघडत नाहीत. ताईंचं म्हणणं, दादा ऐकायला थांबतच नाही. दिवाळीनंतर दोघांनी वेगवेगळं येऊन काकांना सांगितलं, की आता आमचं एकत्र जमणार नाही.

सोळा प्रकारांची कार्यशाळा

काकांच्या ओळखीतल्या कोणी तरी सुचवलं, की हा स्वभावांचा प्रश्न आहे, चाचणी घ्या. एका शनिवारी बाहेरचे प्रशिक्षक आले. माणसांची सोळा प्रकारांत विभागणी करणारी, चार अक्षरांचा निकाल देणारी ती प्रसिद्ध मायर्स-ब्रिग्ज पद्धत त्यांनी वापरली. प्रश्नावली इंग्रजीत होती. ताईंनी ती पॅकिंगच्या कारकुनाला शेजारी बसवून, त्याच्याकडून एकेक प्रश्न समजून घेत भरली. जिथं दोघं अडले तिथं त्यानंच खूण केली. संध्याकाळी निकाल सगळ्यांसमोर वाचले आणि प्रत्येकाच्या टेबलावर त्याच्या अक्षरांचं रंगीत कार्ड लागलं.

मला जानेवारीत सल्ल्यासाठी बोलावलं तेव्हा ती कार्डं अजून तिथंच होती. भांडण थांबलं होतं, पण ज्या तऱ्हेनं थांबलं होतं ते जास्त काळजीचं होतं. दादानं ताईंना सोमवारच्या बैठकीला बोलावणं बंद केलं होतं. त्यात खुन्नस नव्हती, उलट चांगुलपणाच होता: “त्या अंतर्मुख निघाल्या ना, त्यांना बैठकीचा त्रास होतो.” ताईंनी दादाला अडचणी सांगणं सोडून दिलं होतं: “त्यांचा प्रकारच तो. सांगून काय उपयोग?” एकमेकांना समजून घेण्यासाठी आणलेली चाचणी एकमेकांशी बोलणं टाळायचं सबळ कारण बनली होती. पॅकिंगमधल्या एका मुलाचं कार्ड तो भावनाप्रधान असल्याचं सांगत होतं. त्याला सहकारी त्यावरून चिडवायचे.

या पद्धतीमागचा इतिहास इथं उपयोगी पडतो. कार्ल युंग यांनी १९२१ साली व्यक्तिमत्त्वाच्या प्रकारांची मांडणी केली. ती त्यांच्या रुग्णांच्या निरीक्षणातून आली होती, मोजमापातून नव्हे. अमेरिकेत कॅथरीन ब्रिग्ज आणि त्यांची मुलगी इझाबेल मायर्स यांनी त्यावरून प्रश्नावली बनवली. दोघींपैकी कोणीही मानसशास्त्राचं औपचारिक शिक्षण घेतलेलं नव्हतं. हेतू मात्र प्रामाणिक होता: माणसाला आपल्या कलाचं काम मिळावं आणि भिन्न कलाच्या माणसांनी एकमेकांना कमी लेखू नये. खोट आहे ती मधोमध रेघ मारण्यात. बहुतेक माणसं अंतर्मुख-बहिर्मुख या पट्ट्याच्या मधल्या भागात असतात. रेघेच्या अलीकडचा आणि पलीकडचा माणूस जवळपास सारखा असला, तरी कागदावर दोघांची अक्षरं विरुद्ध येतात. त्यामुळे काही आठवड्यांनी तीच चाचणी पुन्हा दिली, तर पुष्कळांचं निदान एक अक्षर बदलतं. आज संशोधनात जास्त वापरली जाते ती पाच गुणांची चौकट. तिच्यात माणसाला खणात टाकत नाहीत, प्रत्येक गुण कमी-जास्त प्रमाणात मोजतात. त्या पाचांतला कर्तव्यदक्षता हा गुण जवळपास सगळ्या प्रकारच्या कामांत कामगिरीशी जोडलेला आढळतो, असं बॅरिक आणि माउंट यांनी १९९१ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून दाखवलं.

निर्णयाचा पहिला टप्पा: कार्डांचं काय करायचं

समोर चार वाटा होत्या. ताईंना किंवा दादाला दुसऱ्या कामावर हलवणं. कार्डं फेकून पाच गुणांची नवी चाचणी घेणं. स्वभावाचा विषयच बंद करून फक्त कामाची पद्धत बदलणं. आणि शेवटची, कार्डांवरचं जे दोघांना खरं वाटलं तेवढं ठेवून त्यावरून बोलायला लावणं.

पहिली वाट काकांना आवडली होती, कारण तिच्यात कोणाशी अवघड बोलावं लागणार नव्हतं. पण ताईंसारखी गराच्या रंगावरून बोर्मा जास्त झाला की कमी हे सांगणारी व्यक्ती मिळत नाही, आणि दादानं आणलेली गिऱ्हाइकं दुसरं कोणी सांभाळू शकत नव्हतं. दुसऱ्या वाटेनं शास्त्रीय अचूकता वाढली असती, पण एका शिक्क्यावर दुसरा शिक्का बसला असता. तिसरी वाट माझ्या मते सगळ्यांत भक्कम होती, पण एकटी पुरेशी नव्हती. दोघांच्या मनात एकमेकांविषयी जे घट्ट बसलं होतं ते नव्या फॉर्मनं निघालं नसतं. म्हणून तिसरी आणि चौथी मिळून करायचं ठरलं.

दादाचा कार्डांवर गाढ विश्वास होता. नुसतं सांगून तो हलणारा नव्हता. काकांची परवानगी घेऊन मी त्यांच्या निकालातला वर्णनाचा परिच्छेद नाव आणि अक्षरं झाकून दादाला वाचायला दिला, आणि हे किती लागू पडतं ते विचारलं. तो म्हणाला, “हे माझंच आहे ना? अगदी बरोबर लिहिलंय.” मग अक्षरांवरचा कागद काढला. तो थोडा वेळ गप्प राहिला. बर्ट्राम फोरर यांनी १९४८ मध्ये आपल्या ३९ विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग मग त्याला सांगता आला. सगळ्यांना एकच वर्णन ‘खास तुझं’ म्हणून दिलं होतं, आणि पाचपैकी सरासरी चारच्या वर गुण देऊन विद्यार्थ्यांनी ते पटल्याचं सांगितलं होतं. त्या दिवशी संध्याकाळी दादानं स्वतःच आपलं कार्ड काढलं. इतरांची मात्र काढली नाहीत. ते ज्याचं त्यानं ठरवावं, असं म्हणाला, आणि ते योग्यच होतं.

काय केलं

तिघांशी वेगवेगळं बसून तीनच प्रश्न विचारले, ज्याच्या त्याच्या भाषेत. तुमच्या हातून काम उत्तम कधी होतं? कशानं डोकं फिरतं? वाईट बातमी तुम्हाला कशी सांगितलेली चालते? उत्तरांवरून प्रत्येकाचं एक पान तयार झालं. ताईंच्या पानावर होतं: “आकडा विचारायचा तर आदल्या दिवशी विचारा. मी चारचौघांत अंदाज सांगत नाही, कारण चुकला तर सोलणाऱ्या बायकांना रात्री थांबावं लागतं.” दादाच्या पानावर होतं: “मला लगेच उत्तर द्या, ‘नाही’ असलं तरी चालेल. गिऱ्हाईक दुसऱ्यालाही फोन लावत असतं.”

दोघांनी एकमेकांचं पान वाचलं तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं, की ताईंचं गप्प राहणं म्हणजे बुजरेपणा नव्हता. ती जबाबदारी होती. आणि दादाच्या घाईमागे दुर्लक्ष नव्हतं, ऑर्डर हातची जाण्याची धास्ती होती. स्वभाव होताच, दोघांचा वेगळा होताच. पण प्रत्येकानं समोरच्याच्या स्वभावाला नाव देऊन त्यामागचं कारण विचारणं थांबवलं होतं.

काकांनी पान लिहायला नकार दिला. “माझं काय आहे त्यात?” खरं पाणी मुरत होतं ते तिथंच. ताईंनी सांगितलेली अडचण दादापर्यंत पोचली नाही, ती काकांच्या ‘बघू’मध्ये अडकली. काकांना भांडण सहन होत नाही. वडील आणि चुलते यांच्यात झालेली वाटणी त्यांनी लहानपणी बघितली आहे. ते दोघांनाही दुखवायचं नाही म्हणून दोघांनाही अर्धवट उत्तर द्यायचे, आणि दोघंही ते आपल्या बाजूनं ऐकायचे. हे त्यांना सरळ सांगायचं की नाही, हा या प्रकरणातला माझ्यासाठी सर्वांत अवघड प्रश्न होता. मी ऑगस्टच्या त्या ऑर्डरीचा दिवसवार तक्ता मांडला, कोण कोणाला काय बोललं एवढाच, आणि तो त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी बोट फिरवत तो वाचला. तिसऱ्या दिवसाच्या रांगेवर बोट थांबलं. मग म्हणाले, “लिहून घे. मला कोणी ‘बघू’वर सोडू नका. तारीख विचारा.” हिशेबनिसांनी ते लिहून घेतलं.

यानंतर कामाच्या पद्धतीत बदल झाले, आणि माझ्या मते जास्त फरक त्यांनीच पाडला. ऑफिसच्या भिंतीवर नंबरवार शिल्लक दाखवणारा फळा लागला. रोज सकाळी ताईंचा माणूस त्यावर आकडे लिहितो. मोठ्या ऑर्डरीला दुसऱ्या दिवशी अकरापर्यंत ताईंनी लेखी हो, नाही किंवा ‘एवढंच’ कळवायचं, आणि तोवर दादानं गिऱ्हाइकाला शब्द द्यायचा नाही. गप्प राहणं होकारात धरायचं नाही. दादाचा इन्सेंटिव्ह आधी घेतलेल्या ऑर्डरीवर होता, तो माल पोचून पैसे आल्यावर देण्याचं ठरलं. हा शेवटचा बदल त्याला झोंबला. पण ज्याला होकार गोळा करण्याचे पैसे मिळतात, तो होकारच गोळा करणार. त्याला ‘उतावळ्या प्रकारचा’ म्हणणं हा त्याच्यावर अन्याय होता.

दोघांनी एकमेकांचं काम जवळून बघायचं, हेही ठरलं. दादा मार्चमध्ये प्रतवारीच्या टेबलावर बसला. ताई त्याच्याबरोबर पणजीतल्या एका हॉटेलच्या खरेदी व्यवस्थापकाला भेटायला गेल्या. त्या तिथं काही बोलणार नाहीत, असं दादानं गृहीत धरलं होतं. ताईंनी पर्समधून तीन पुड्या काढल्या, टेबलावरच्या बशीत २४०, ३२० आणि पाकळी शेजारी शेजारी ओतली आणि व्यवस्थापकाला विचारलं, “तुम्ही हा मिठाईत घालणार की वाटीत ठेवणार?” त्यांना कुटून बर्फीत घालायचा होता. “मग मोठ्या गराचे पैसे कशाला देता?” ताईंनी पाकळी पुढे सरकवली. ऑर्डर पाकळीची झाली, आणि पाकळीचा साठा कारखान्यात पडूनच होता. परतताना दादानं गाडीत त्यांना विचारलं, की हे तुम्ही आधी कधी का नाही केलं. त्या म्हणाल्या, “मला कोणी नेलं नाही.”

निर्णयाचा दुसरा टप्पा: पर्यवेक्षक निवडताना

नव्या पॅकिंग विभागाला पर्यवेक्षक हवा होता. काकांनी जुने निकाल काढले: ज्याची अक्षरं ‘नेतृत्वाची’ आहेत त्यालाच नेमू या. इथं मी ठाम नकार दिला. ही चाचणी विकणारी मूळ कंपनीच सांगते, की नोकरीसाठी माणूस निवडायला ती वापरू नका. शिवाय शांत माणूस पुढारी होत नाही, हा समजही खरा नाही. ग्रँट, जिनो आणि हॉफमन यांच्या २०११ च्या अभ्यासात दिसलं, की हाताखालची माणसं स्वतःहून सूचना करणारी असतील, तर कमी बोलणाऱ्या प्रमुखांच्या हाताखाली काम जास्त चांगलं होतं. दोन उमेदवारांना एकेक आठवडा विभाग चालवायला द्यायचा आणि वाया गेलेले डबे, वेळ आणि बायकांचं म्हणणं बघायचं, असं ठरलं. निवड झाली ती कार्डावर ‘अनुयायी’ ठरलेल्या मुलीची.

निकाल

पुढच्या दिवाळीला कारखान्यानं आधीपेक्षा कमी ऑर्डरी घेतल्या आणि घेतलेल्या सगळ्या वेळेत पोचवल्या. एकही डबा परत आला नाही. एक जुनं गिऱ्हाईक मात्र दुसऱ्या दिवसापर्यंत थांबायला तयार नव्हतं, ते गेलं. दादा अजून म्हणतो, की अकराची वेळ सकाळी नऊ करा. त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे, कारण फळा रोज भरला जातो म्हटल्यावर नेहमीच्या ऑर्डरींना एवढा वेळ लागायला नको.

दोघं मित्र झाले नाहीत, आणि ते होणं हा उद्देशही नव्हता. ताई बैठकीत आजही कमीच बोलतात. पण त्यांचा आकडा पहिला येतो आणि त्यानंतर चर्चा होते. पॅकिंगमधला तो चिडवला जाणारा मुलगा दुसरीकडे कामाला गेला. त्याच्या बाबतीत जे झालं ते भरून काढता आलं नाही.

काय वेगळं करता आलं असतं

कार्यशाळेआधी ऑगस्टच्या ऑर्डरीचा तक्ता मांडायला हवा होता. तो करायला एक दुपार लागली, आणि त्यात दिसलं की अडचणीचा मोठा भाग माहितीचा आणि इन्सेंटिव्हचा होता. स्वभावाचा वाटा उरलेला. आधी हे कळलं असतं तर चाचणीची गरज पडली असती का, याबद्दल मला शंका आहे.

चाचणी घ्यायचीच होती, तर निकाल ज्याचा त्याला बंद पाकिटात द्यायला हवे होते. सगळ्यांसमोर वाचलेला निकाल माणसाच्या अंगाला चिकटतो, विशेषतः जो हुद्द्यानं खाली आहे त्याच्या. आणि प्रश्नावली भरणाऱ्याला नीट समजेल अशा भाषेत हवी होती. ताईंच्या टेबलावर जे कार्ड लागलं त्यात अर्धा निकाल कारकुनाचा होता.

तिघांची पानं झाली, पण सोलणाऱ्या बायकांच्या मुकादमबाईंना कोणी विचारलं नाही. रात्री कोणी थांबायचं, चवथीला कोणाला सोडायचं, हे प्रत्यक्षात त्याच ठरवतात, आणि त्यांचं आणि ताईंचंही फारसं पटत नाही. त्यांच्याशी हेच तीन प्रश्न कोंकणीत बोलायचं यंदा आषाढात धरलं आहे, म्हणजे दिवाळीच्या ऑर्डरी सुरू व्हायच्या आत ते होईल.